रोबो भरकटतोय, लायडार घेऊ की क्षेत्र बदलू?

प्रश्न : मी ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये फिरून मूळ जागी परतणारा रोबो बनवतेय, पण तो दरवेळी अर्धा मीटर तरी चुकतो. चाकं 65 मिमीची, दोन्हींत अंतर 150 मिमी, चाक किती फिरलं हे मोजणाऱ्या एन्कोडरची चकती 20 खाचांची. लायडारसाठी (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) घरी पैसे मागू, की हा नाद सोडून सॉफ्टवेअरची तयारी करू?

उत्तर : आत्ता दोन्ही नको. रोबो का चुकतो हे आकड्यांत सांगता येणं, हेच या क्षेत्रातलं मुख्य काम आहे आणि ते तुझ्या हातात आलेलंच आहे.

तुझ्या मापांनी एका खाचेला चाक साधारण 10 मिमी सरकतं. एका चाकाची एकच खाच मोजायची राहिली, तर हिशेबातली दिशा जवळपास 4 अंशांनी बिघडते. 5 मीटर पुढे गेल्यावर तीच चूक 34 सेंमी होते! अंतरापेक्षा दिशेची चूक महाग पडते, ती अशी.

आधी मिशिगन विद्यापीठातल्या बोरेन्स्टाइन आणि फेंग यांची चौकोनाची चाचणी घे. फरशीवर 4 मीटर बाजूचा चौकोन आख, सुरुवातीला चाकं कुठे टेकली तिथे खडूची खूण कर. 5 फेऱ्या घड्याळाच्या दिशेने, 5 उलट्या. प्रत्येक फेरीअखेर खुणेपासूनचा आडवा-उभा फरक मोज आणि कागदावर ठिपक्याने मांड. एकाच दिशेने फिरवलंस तर फसशील, कारण चाकांच्या व्यासातली तफावत आणि चाकांमधल्या अंतराचं चुकलेलं माप एकमेकांना झाकू शकतात. एका दिशेच्या फेऱ्यांचे ठिपके एका जागी गोळा झाले, तर चूक ठरावीक आहे. ती कोडमधले आकडे बदलून निघते. विखुरले, तर चाक घसरतंय किंवा खाचा सुटतायत. तिथे कोड काही करू शकत नाही. बॅटरी एका बाजूला असेल तर मऊ टायर दबतो, तेही बघ.

नंतर दोन चॅनेलचे एन्कोडर असलेल्या मोटर लाव. एका चॅनेलला पुढे-मागे कळत नाही. जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) घेशील तेव्हा सुरुवातीला रोबो 5 सेकंद स्थिर ठेवून सरासरी काढ आणि ती वजा कर. होकायंत्राच्या सेन्सरवर मात्र विसंबू नकोस. मोटर आणि भिंतींतलं लोखंड त्याला चकवतं. मग एन्कोडर आणि जायरो या दोन्हींची सांगड कालमन फिल्टरने (वेगवेगळ्या सेन्सरचे आकडे त्यांच्या भरवशानुसार एकत्र करणारं गणित) घाल.

लायडार त्यापुढचा. लांबलचक, एकसारख्या कॉरिडॉरमध्ये भिंती किती दूर हे तो सांगतो, पण टोकं पल्ल्याबाहेर असतील तर आपण लांबीत कुठे आहोत हे त्यालाही उमगत नाही. काच तर त्याला बऱ्याचदा दिसतच नाही.

सॉफ्टवेअर वेगळं कुठे आहे? इथेही सी++, आरओएस 2 (रोबोंसाठीची सॉफ्टवेअर चौकट), संभाव्यता आणि मॅट्रिक्स लागतात. गझीबो या सिम्युलेटरमध्ये रोबो फुकट चालवता येतो. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत उतर. पुढे शिकायचं असेल तर गेट देऊन तिथल्याच सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.चा विचार कर. मुलाखतीला जाताना फिरणाऱ्या रोबोच्या व्हिडिओपेक्षा दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे ठिपके दाखवणारा आलेख ने. त्यासाठी दहाही फेऱ्यांचे आकडे आजपासूनच वहीत लिही; शेजारी बॅटरीचं व्होल्टेज आणि फरशी कोणती, तेही.