तेरावं वचन पाठ, चौदावं वाचायचं राहिलं

प्रश्न नेहमीचाच होता: "ताई, रोज प्रार्थना करते, तरी अंगात बळ येत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?"

विचारणारी पंचेचाळिशीची प्राथमिक शिक्षिका. चर्चच्या मंडळीतल्या भगिनी मंडळात पुढे असणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. शिवाय जाणं-येणं, शाळा, अंथरुणावरच्या सासूबाई. कुणी विचारपूस केली की उत्तर ठरलेलं, "देव चालवतोय." आणि दोन महिन्यांपासून ती रविवारच्या उपासनेलाच जात नव्हती, कारण तिथे हसरा चेहरा ठेवणं जमेना.

पहिल्या भेटीत मी बायबल उघडलं नाही. झोप किती, जेवण काय, एवढंच विचारलं. झोप साडेबारा ते साडेचार. दुपारपर्यंत फक्त चहा. वर नवऱ्यासाठी शुक्रवारची उपासप्रार्थना. चार तास झोपलेल्या, अर्धपोटी शरीराला धडधड होते, रडू येतं, चिडचिड होते. ती मात्र हे सगळं अविश्वासाच्या खात्यात मांडत होती. उपास तूर्त थांबवा, रात्री दहाला फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, सकाळी आठच्या आत भाकरी खा, असं सांगितलं तर ती दुखावली. म्हणजे देवाला कमी वेळ देऊ?

म्हणून दुसऱ्या भेटीत बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचला. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. त्यावर देव त्याला उपदेश करत नाही. दूत येतो, त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो; पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. त्यानंतर होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट, आणि देवाचा मंद स्वर तर त्याहून पुढे.

तिचा खरा आधार होता प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातलं 4:13 (चौथ्या अध्यायाचं तेरावं वचन), मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. कॅलेंडरवर, मोबाइलवर तेच. तिला पुढचं वचन वाचायला सांगितलं. बंदिवासातला पौल तिथे म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. अठराव्या वचनात फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पोचही आहे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तर सगळ्यांना नकोच म्हणत आले."

गाठ इथेच होती. मदत घेतली की विश्वासाची साक्ष कमी पडते, हा समज आपल्या मंडळ्यांमध्ये फार खोल आहे, आणि "विश्वास ठेवा हो" म्हणून निघून जाणारे तो आणखी घट्ट करतात.

पहिला प्रयत्न फसला. तिने भगिनी मंडळात सांगितलं, "थोडी मदत लागेल." सगळ्यांनी माना हलवल्या, आलं कुणीच नाही. मोघम मागणीला मोघमच होकार मिळतो. मग कागदावर तीनच ओळी लिहिल्या: गुरुवारी सात ते अकरा डायलिसिसला कुणीतरी सोबत बसावं; मंगळवारी रात्रीचा डबा; रविवारी उपासनेच्या वेळी दोन तास सासूबाईंजवळ कुणीतरी. एकेका ओळीसाठी एकेका बाईला फोन. तिघीही आल्या.

उदासी मात्र दोन आठवड्यांहून जास्त, दिवसभर टिकणारी होती. जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला तसं वाटत नव्हतं. असतं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि हाताशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीवरची गोळी सुरू केली, तिने ती दहाव्या दिवशी बंद केली: फरक नाही, आणि गोळी म्हणजे अविश्वास. या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी निकाल लावण्यात अर्थ नव्हता. नवऱ्याचं डायलिसिस तिला कधी अविश्वास वाटलं नव्हतं. पौलाने आपल्या सोबत्याला, लूकला, "प्रिय वैद्य" म्हटलंय, हे तिलाच आठवलं. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा चालू झाली.

आता ती झोपण्याआधी बायबलमधलं स्तोत्र 13 वाचते. सहाच वचनं: पहिल्या दोनांत "किती वेळ?" हा जाब, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. डायलिसिस चालूच आहे. काही रात्री चौथ्या वचनापुढे तिला जाववत नाही. मग ती तिथेच आमेन म्हणते आणि दिवा मालवते.