हिमनदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळल्यानं ध्रुवांजवळचे शिंपले मरतात, हे खरं का?

अर्धं खरं. मी सागरी जीवशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गातही हमखास येतो. दोष पाण्याच्या गोडेपणाचा कमी, गढूळपणाचा जास्त.

गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वरच्या वर तरंगतं. वीस मीटर खाली चिखलात बसलेल्या शिंपल्याला त्याचा फारसा पत्ताही लागत नाही. झळ बसते ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला चिकटून राहणाऱ्यांना. अंटार्क्टिकातली नासेला ही समुद्री गोगलगाय अशा वेळी कवच खडकावर घट्ट आवळून घेते आणि काही काळ प्राणवायूविना भागवते. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) पुराचं पाणी आलं की तोंड मिटून बसतात, तसंच.

गाळापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. हिमनदी सरकताना खालचा खडक घासते आणि त्याची भुकटी पाण्याबरोबर समुद्रात येते. अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर पॉटर कोव्ह नावाचं छोटं आखात आहे, काठाला अर्जेंटिनाचं कार्लिनी संशोधन स्थानक. तिथे उन्हाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी तपकिरी होतं. तळाच्या गाळात लॅटर्न्युला इलिप्टिका हा शिंपला अर्धा मीटरपर्यंत खोल रुतून राहतो. वर दिसतात त्या फक्त त्याच्या दोन नळ्यांची तोंडं. एका नळीनं पाणी आत ओढायचं, कल्ल्यांवर अन्न गाळून घ्यायचं, दुसरीनं पाणी बाहेर सोडायचं. पाण्यात शेवाळापेक्षा दगडाचे कण जास्त झाले की कल्ले भरून येतात आणि ते साफ करण्यातच शक्ती खर्च होते. त्यात एखादा हिमनग तळ खरवडत गेला की शिंपला उखडून वर पडतो. तरणा शिंपला पुन्हा रुततो, म्हाताऱ्याला ते जमत नाही. आणि हा प्राणी ३६ वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे! प्रयोगात पाण्याचं तापमान ५ अंश सेल्सिअसवर नेलं तेव्हा तर त्याचं रुतणं पार थांबलं.

याच पॉटर कोव्हच्या किनाऱ्यावर मेलेल्या क्रिलचे खच सापडले, तेव्हा त्यांच्या पोटातही खडकाचेच कण निघाले. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा जीव, त्याचं कवच चुन्याचं नव्हे. पण मार तोच.

गोडेपणाचा खरा तोटा रसायनात आहे. वितळलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट नगण्य, म्हणजे कवच बांधायचा माल पातळ होतो. शिवाय थंड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड जास्त शोषतं आणि त्यानं त्याची आम्लता वाढते. दोन्ही मिळून कवचातलं अॅरागोनाइट (चुन्याचाच एक प्रकार) विरघळायच्या बेतात येतं. याचा धोका तळापेक्षा वरच्या थरात पोहणाऱ्या लिमासिना या इवल्या गोगलगायीला अधिक. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद खाडी; इथेच नी-ओलेसुंडला २००८ पासून आपलं हिमाद्री स्थानक आहे) पकडलेल्या लिमासिनांवर प्रयोग झाला होता. शतकाअखेरीस अपेक्षित असलेल्या आम्लतेच्या पाण्यात त्यांचं कवच बांधणं २८ टक्क्यांनी घटलं. मात्र हिमनदीखालचा खडकच चुनखडीचा असेल, तर त्याची भुकटी ही आम्लता थोडीफार मारते. त्यामुळे दोन शेजारच्या फ्योर्डांचा निकालही वेगळा लागू शकतो.

आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. हिमनदीचं टोक समुद्रात बुडालेलं असेल, तर वितळलेलं पाणी खोलवरून सुटतं आणि वर येताना तळाचं नायट्रेट सोबत खेचतं. त्यावर शेवाळ माजतं आणि फ्योर्डात खाणाऱ्या सगळ्यांचीच चंगळ होते. ग्रीनलंडमध्ये नूक शहराजवळच्या फ्योर्डात उन्हाळाभर हे चालतं. ईशान्येकडच्या यंग साउंडभोवतीच्या हिमनद्या मात्र जमिनीवरच संपतात. तिथे पाणी नदीवाटे वरच्या वर येतं, गाळानं उजेड अडवतं आणि तळातून काहीच खेचत नाही. म्हणून तिथलं उत्पादन कितीतरी कमी. ग्रीनलंडच्या बऱ्याच हिमनद्या आज मागे सरकत सरकत जमिनीवर चढू लागल्या आहेत.