एकदा ‘एक्सक्लुझिव्ह’ दिलेला ट्रॅक दुसऱ्याला देता येतो का?

ऐरोलीच्या एका तरुण संगीतकाराने विचारलं आहे: “मी घरच्या घरी पार्श्वसंगीताचे ट्रॅक करतो आणि मालिका, जाहिराती, माहितीपटवाल्यांना पिच करतो. दोन वर्षांपूर्वी एका म्युझिक लायब्ररीने, म्हणजे संगीताच्या ट्रॅकचे परवाने विकणाऱ्या कंपनीने, माझे आठ ट्रॅक एक्सक्लुझिव्ह घेतले. करार ईमेलवर आला, मी लिंक उघडून ‘मान्य’वर क्लिक केलं. स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही. आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. आता त्यातलाच एक ट्रॅक एका मराठी वेब मालिकेच्या दिग्दर्शकाला शीर्षक संगीतासाठी हवा आहे. चाळीस हजार देतो म्हणतो, पण आठवड्यात सही पाहिजे. हाच ट्रॅक लायब्ररीच्या आधी मी एका परदेशी नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे ट्रॅक इतरत्रही देऊ देणाऱ्या, साइटवर वेगळ्या नावाने टाकला होता. तो अजून तिथे आहे, चार जणांनी विकतही घेतलाय. लायब्ररीने काहीच केलेलं नाही, तर मी ट्रॅक देऊ शकतो ना? त्यांना कळवायलाच हवं का?”

तुम्ही पाठवलेला करार मी दोनदा वाचला आणि ट्रॅकही ऐकला. सुरुवातीला खाडीवरच्या पहाटेचे आवाज, लांबून जाणारी ठाणे-वाशी लोकल, आणि मग ती बासरी. दिग्दर्शकाला हाच का हवाय हे लगेच कळतं, आणि म्हणूनच तो घाईघाईत तुमच्या हातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तेव्हा आधी उत्तर देते: कळवायलाच हवं, आणि लायब्ररीकडून लेखी मोकळीक मिळेपर्यंत दिग्दर्शकाला ‘हो’ म्हणू नका.

स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करार कच्चा, हा समज आपल्याकडे फार खोलवर बसला आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 30 नुसार परवाना लेखी हवा, आणि केवळ ईमेलवर किंवा क्लिक करून झाला म्हणून करार रद्द ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मध्ये स्पष्ट आहे. मुद्रांक भरला नसेल तर तो दस्त कोर्टात पुरावा म्हणून दाखल करताना अडचण येते. तो मुळातच रद्द होत नाही. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानेही हाच फरक अधोरेखित केला. तेव्हा तुमचा करार उभा आहे असं धरूनच पुढे चाला.

आता ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दाकडे या. बहुतेक संगीतकारांना वाटतं की याचा अर्थ ‘दुसऱ्या लायब्ररीला द्यायचं नाही’ एवढाच. कॉपीराइट कायद्यातली व्याख्या, कलम 2 मधली, याच्या पुढे जाते. एक्सक्लुझिव्ह परवाना म्हणजे इतर सगळ्यांना वगळून दिलेला हक्क, आणि त्या ‘इतर सगळ्यां’मध्ये खुद्द मालकही येतो. म्हणजे चाल तुमची, ध्वनिमुद्रण तुमचं, कॉपीराइटही तुमच्याच नावावर, पण करारातल्या कलम 3 प्रमाणे ‘दृक्‌श्राव्य वापरासाठी’ तो ट्रॅक देण्याचा हक्क या मुदतीत तुम्हालाही नाही. शीर्षक संगीत हा दृक्‌श्राव्य वापरच. तरीही तुम्ही ट्रॅक दिलात तर लायब्ररी तुमच्यावर आणि निर्मात्यावर थेट दावा लावू शकते, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 54 प्रमाणे अशा दाव्यापुरता एक्सक्लुझिव्ह परवानाधारकही ‘मालक’च मानला जातो. शिवाय निर्मात्याच्या करारात तुम्ही ‘हा ट्रॅक मी कोणालाही दिलेला नाही’ अशी हमी देणार, ती खोटी ठरणार, आणि त्यांचं नुकसान भरून देण्याची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात येणार. डोंबिवलीचे माझे एक अशील याच वाटेने गेले होते. एकच धून दोन ठिकाणी गेली, तक्रार झाली, प्रसारित भागातला आवाज बंद करावा लागला, आणि दोन्हीकडची कामं हातची गेली. त्यांच्या घरच्यांचा तो महिना मी जवळून पाहिला आहे.

‘त्यांनी काहीच केलं नाही’ या तुमच्या मुद्द्यात मात्र दम आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 चं पोटकलम 4 सांगतं की हक्क घेणाऱ्याने ते एक वर्षाच्या आत वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपुष्टात आल्याचं मानलं जाईल. कलम 30अ मुळे हे कलम परवान्यालाही लागू होतं. तुमच्या करारात न वापरण्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे दार उघडं आहे. पण लायब्ररी म्हणेल, ‘आम्ही ट्रॅक कॅटलॉगमध्ये लावला, ग्राहकांना ऐकवला, हाच वापर.’ हा वाद कोर्टात रंगू शकतो, आणि तुमच्या हातात आठच दिवस आहेत. म्हणून हे कलम वाटाघाटीत वापरा, त्याच्या भरवशावर परस्पर सही करू नका.

आज रात्रीच लायब्ररीला मेल करा. अमुक ट्रॅकसाठी एका वेब मालिकेचा प्रस्ताव आला आहे, एक वर्षाहून जास्त काळ या ट्रॅकचा एकही परवाना गेल्याचं तुम्ही कळवलेलं नाही, कलम 19(4) प्रमाणे माझे हक्क मी राखून ठेवतो, आणि दोनपैकी एक करावं, असं लिहा. एक तर हा एक ट्रॅक करारातून लेखी मोकळा करावा, किंवा लायब्ररीनेच मालिकेला परवाना द्यावा आणि करारातली निम्मी वाटणी तुम्हाला द्यावी. चाळीसाचे वीस होतील हे मला कळतं. पण त्या वीस हजारांच्या मागे कोणाची नोटीस येणार नाही, आणि लायब्ररीसाठीही बसल्या जागी मिळणारं काम आहे, त्यामुळे नकार देणं त्यांना जड जाईल. उत्तरासाठी पाच दिवस द्या. दिग्दर्शकालाही खरं सांगा: हक्कांचं एक काम बाकी आहे, पंधरा दिवस ट्रॅक तुमच्यासाठी होल्डवर ठेवतो. होल्ड म्हणजे हक्क देणं नव्हे, पण त्याला तारीख घालून मेलवर लिहा. इतकं सरळ बोलणारा संगीतकार या धंद्यात पुन्हा बोलावला जातो, हा माझा अनुभव आहे.

यात तुमचीही एक चूक आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. करारातल्या कलम 7 मध्ये तुम्ही हमी दिली आहे की ट्रॅक आधी कुठेही दिलेला नाही. वेगळ्या नावाने टाकला म्हणून तो वेगळा होत नाही. हक्क धुनेवर आणि ध्वनिमुद्रणावर असतो. नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं आहे, आणि त्याच न्यायाने नाव बदलून जुना हक्क पुसताही येत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तर नाव बघतच नाही, ध्वनी बघते. लायब्ररीने ट्रॅक तिथे नोंदवला असेल तर त्या चार खरेदीदारांपैकी कोणाच्या तरी व्हिडिओवर दावा लागेल आणि गोष्ट उघडी पडेल. परदेशी साइटवरून ट्रॅक लगेच काढा. त्या चार विक्रींच्या तारखा उतरवून घ्या. लायब्ररीच्या कराराआधी झालेले परवाने साधारणपणे टिकतात, नंतर झालेले तुमच्याकडून झालेला भंग आहे. हे सगळं त्या मेलमध्येच सांगून टाका. दुसरीकडून कळलं तर तुमच्या बाजूच्या कलम 19(4) च्या मुद्द्याचीही धार जाईल.

उरलेल्या सात ट्रॅकसाठी एक तारीख भिंतीवर लिहा. करार 12 ऑगस्टचा, मुदत तीन वर्षं, आणि नव्वद दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर तो आपोआप आणखी तीन वर्षं वाढतो. म्हणजे पुढच्या वर्षी 13 मे च्या आत नोटीस पोचायला हवी. तुम्ही ती एप्रिलमध्येच पाठवा. मुदत लिहिलेलीच नसती तर कायद्याने पाच वर्षं धरली असती आणि प्रदेश फक्त भारत, पण इथे दोन्ही लिहिलेलं आहे.

इथून पुढे पिच करताना, ऐकायला ट्रॅक पाठवणं आणि त्यावर हक्क देणं या दोन गोष्टी तुम्हीच वेगळ्या ठेवा. एकच ट्रॅक दहा जणांना ऐकवणं यात गैर काहीच नाही. अडचण सही करताना येते. एक वही घाला: ट्रॅक, कोणाला पाठवला, कधी, काय दिलं. एक्सक्लुझिव्ह मागितलं तर आठ ट्रॅक एकगठ्ठा देऊ नका. एकेक ट्रॅक द्या, दीड-दोन वर्षांची मुदत घाला, आणि ‘बारा महिन्यांत एकही परवाना गेला नाही तर हक्क आपोआप परत’ ही ओळ करारात घालून घ्या. ज्या ट्रॅकमध्ये विकतच्या लूप पॅकमधले लूप, म्हणजे तयार ध्वनितुकडे, आहेत ते एक्सक्लुझिव्ह देऊच नका. तेच लूप आणखी हजारोंकडे असतात. आणि आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासद असाल किंवा होणार असाल, तर तिथे दिलेले हक्क लायब्ररीच्या करारातून वगळल्याचं लिहून घ्या. कलम 19(8) प्रमाणे सोसायटीला आधीच दिलेल्या हक्कांच्या विरुद्ध जाणारं हस्तांतरण रद्द ठरतं.

मालिकेचा करार हातात येईल तेव्हा ‘बायआउट’ या शब्दापाशी थांबा. चाळीस हजारांत सगळं कायमचं, असं लिहिलेलं असेल. पण कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात घेतलेल्या संगीताचा रचनाकार सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देऊ शकत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कोणाच्या नावे तो लिहून दिलात तरी तो करार त्यापुरता रद्द. कायद्यातली ‘चित्रपट’ची व्याख्या दृश्य मुद्रणाची आहे, वेब मालिका त्यात बसते. एफएम वाहिन्यांविरुद्ध आयपीआरएसने लावलेल्या दाव्यात 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात रचनाकारांचा हा वाटा मान्य केला आहे. सही करून पाठवण्याआधी मालिकेच्या कराराचा मसुदा मला दाखवा. लायब्ररीने मोकळीक नाकारली आणि वाद वाढलाच, तर ऐरोली ठाणे जिल्ह्यात येत असल्याने कलम 62 प्रमाणे तुम्हाला हक्कभंगाचा दावा ठाण्यातच लावता येतो, परगावी धावावं लागत नाही.

आणि ती बासरी. ती तुमच्या मित्राने वाजवली आहे असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. कलम 38अ प्रमाणे वादकाचा स्वतंत्र हक्क असतो, आणि त्याच्याकडून तुम्ही काहीही लिहून घेतलेलं नाही. या रविवारी त्याच्याकडे जा. एका कागदावर ट्रॅकचं नाव, त्याने वाजवलेला भाग, मालिकेत वापरायला त्याची संमती आणि त्याला किती रुपये मिळणार हे लिहा, दोघांनी सह्या करा, त्याचा फोटो काढून दोघांच्या मेलवर ठेवा.