घरात चोर शिरला तर बार काढू का?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जुन्या कौलारू घरात आम्ही नवरा-बायको दोघंच राहतो. मी 68 वर्षांचा, मुलगा मस्कतला. मागच्या महिन्यात वाड्यावरच्या एका घरात रात्री कौलं काढून चोर उतरले. तेव्हापासून हिला झोप नाही. वडिलांची दुनळी बंदूक माळ्यावर आहे. चोर घरात शिरला आणि मी बार काढला तर तो गुन्हा होतो का? मेहुणे म्हणतात, त्यापेक्षा खिडकीच्या गजांना करंट सोडा.
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आधी मेहुण्यांचं बघू. करंट अजिबात सोडू नका. बिहारमध्ये एका गृहस्थाने आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली होती. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून तिथली बाई याच्याकडे जायची. तारेला हात लागला आणि ती गेली. ‘माझ्या जागेत ती आगंतुक होती’ हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली फेटाळला. तारेला चोर कोण आणि पहाटे दूध घालायला येणारा पोर कोण, हे कळत नाही.

आता बंदूक. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम 103 तिथे 41 झालं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून आत आला, तर मालमत्तेच्या बचावात त्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. कौलं काढून उतरणं ही घरफोडीच. पण ‘रात्र झाली, आता मोकळीक’ असं समजू नका. कलम 37 मानगुटीवर आहेच: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. चोर घरात आहे तोवर हा हक्क, तो अंगणातून पळत सुटला की संपला. शवचिकित्सेत छर्रे पाठीत सापडले, तर ‘तो अंगावर आला होता’ हे कोर्टाला कसं सांगणार? आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सद्भावनेने पण प्रमाणाबाहेर केलं असं ठरलं, तर खून नाही म्हणतील, सदोष मनुष्यवध म्हणतील. तुरुंग तोच.

कुळागरातले, म्हणजे बागायतीतले, नारळ-सुपाऱ्या नेणाऱ्याला तर नुसत्या चोरीसाठी जिवे मारता येतच नाही, मग मध्यरात्र का असेना.

उलट बाजूही सांगतो. कोयता उगारून कोणी समोर उभा असेल, तर पळून जायलाच हवं होतं असं कायदा म्हणत नाही. त्या घटकेला वार तोलूनमापून करता येत नाही, हे न्यायालयांनीही मानलं आहे. तिथे मालमत्तेचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

माझंच सांगतो. फोंड्याच्या घरी एकदा रात्री अडीचला मागच्या पडवीत खुडबुड ऐकली. कोयता घेऊन गेलो. कोणीतरी वाकून रांजणामागे चाचपडत होता. मी हात उचलला आणि आधी दिवा लागला तो बायकोमुळे. मुंबईच्या बसने आलेला भाचा होता, चावी शोधत होता. आम्हाला जाग येऊ नये म्हणून काढलेल्या चपला त्याच्या हातात होत्या. त्यानंतर महिनाभर मला नारळ फोडायला जमेना.

म्हणून पडवीत आणि परसात दिवे लावा, झोपायच्या खोलीचं दार आतून घट्ट करा, 112 फिरवा आणि मोठमोठ्याने ओरडा. शेजारी जागे झाले की बहुतेक चोर थांबत नाहीत.

आणि एक विचारायचं राहिलं. बंदूक वडिलांची म्हणता, मग परवाना कोणाच्या नावावर? तो वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. वडील गेल्यानंतर तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज केला नसेल, तर आज माळ्यावर पडून आहे ते विनापरवाना शस्त्र आहे. चोर येवो न येवो, येत्या आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन ते आधी निस्तरा.