बुरशी, बॉक्सरूम आणि काउन्सिल: तुमचे प्रश्न

इंग्लंडात भाड्याने राहणाऱ्या वाचकांचे प्रश्न साचलेत. मी इथल्या एका काउन्सिलसाठी, म्हणजे स्थानिक पालिकेसाठी, भाड्याची घरं तपासते, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते.

प्रश्न: बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी आलीये. एजंट म्हणतो तुम्ही कपडे घरात वाळवता म्हणून. काउन्सिल काही करेल का?

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एजंटने तोंड उघडायच्या आधी मीच म्हणून टाकते. कपड्यांनी दमटपणा वाढतो हे खरंय, पण जानेवारीत माणसाने कपडे वाळवायचे कुठे? रोजचा स्वयंपाक, आंघोळी, कपडे एवढं घराला सोसायलाच हवं. आम्ही आलो की आधी कपाट भिंतीपासून ओढतो, खरी बुरशी तिथेच असते. मग बाथरूमचा फॅन लावून जाळीला टिशूचा तुकडा धरायचा, चिकटला तर ठीक, खाली पडला तर फॅन नुसताच घरघरतोय. बाहेर जाऊन छपराची पन्हळ फुटलीये का तेही बघतो.

हाउसिंग अॅक्ट २००४ खाली असे २९ धोके मोजतात. धोका कॅटेगरी १ मध्ये, म्हणजे गंभीर गटात, गेला तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते, कॅटेगरी २ असेल तर करायची की नाही ते काउन्सिल ठरवते. आणि मोजताना आत्ता कोण राहतंय ते बघत नाहीत, त्या धोक्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्या वयाला होतो ते वय धरतात, बुरशीला १४ वर्षांपर्यंतची मुलं आणि थंडीला ६५ च्या पुढचे. म्हणजे “तरणाताठा माणूस आहे, त्याला काय होतंय” हे मालकाचं म्हणणं गेलं बाराच्या भावात.

आधी मालकाला ईमेल करा, फोनवर बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही. आणि पुसायच्या आधी फोटो काढा प्लीज! लोक पाहुणे येणार असल्यासारखी भिंत घासून ठेवतात आणि मग आम्हाला बोलावतात.

रॉचडेलमध्ये २०२० साली घरातल्या बुरशीमुळे दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाला, पण तो सोशल हाउसिंगसाठी (काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनची भाड्याची घरं), त्यामुळे त्यात दुरुस्तीला ठरवून दिलेले दिवस प्रायव्हेट मालकासमोर मोजत बसू नका.

प्रश्न: तक्रार केली तर मालक घराबाहेर काढेल का? त्याला न कळता होईल का हे?

न कळता नाही होणार, दुरुस्तीची नोटीस त्याच्याच नावाने निघते. पण कारण न देता घर खाली करायला लावणारं सेक्शन २१ हे १ मे २०२६ पासून बंद, त्यानंतर मालकाला कायद्यात बसणारं कारण दाखवावं लागतं. भीती मला कळते हो, पण गप्प बसून भिंत सुकत नाही.

प्रश्न: आम्ही सहा जण एका घरात राहतो, कुणी कुणाचं नात्यातलं नाही. माझी खोली म्हणजे बॉक्सरूम, इतकी बारकी की दार पलंगाला आपटतं.

एकाहून जास्त कुटुंबांतले मिळून पाच किंवा जास्त लोक किचन-बाथरूम शेअर करत असतील तर मालकाला एचएमओचं (अशा शेअर करून राहायच्या घराचं) लायसन्स लागतंच. त्यात एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर हवेत, आणि पोटमाळ्याची खोली असेल तर जिथे छत दीड मीटरपेक्षा खाली येतं ती जागा धरत नाहीत (एजंट धरतात!). टेप घेऊन स्वतः मोजा. लायसन्सची यादी काउन्सिलकडे असते, कुणीही बघू शकतं. लायसन्सच नसेल तर भाडं परत मिळवायला ट्रायब्युनलकडे जाता येतं.

प्रश्न: गॅस बॉयलर किचनमध्ये आहे, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाही. चालतं का?

नाही. बॉयलर असलेल्या खोलीत तो लागतोच, १ ऑक्टोबर २०२२ पासून, आणि बसवायचा मालकाने. घरात डोकं दुखतं आणि बाहेर पडलं की थांबतं असं होत असेल तर ईमेल वगैरे नंतर, आधी बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस इमर्जन्सीच्या ०८०० १११ ९९९ ला फोन लावा.