रस्ता वर गेला, घर खाली राहिलं

प्रश्न : ताई, दोन महिन्यांसाठी मुलीकडे शिकागोला आलो आहे. परवा पिल्सन भागात पायी फिरताना पाहिलं, की तिथल्या बऱ्याच जुन्या घरांचा तळमजला रस्त्याच्या खाली आहे. फुटपाथ आणि घर यांच्यामध्ये खड्ड्यासारखं अंगण आणि वरच्या दाराशी जायला छोटासा पूल. जावई म्हणतात जमीन खचली असेल. मला पटत नाही. खरं काय आहे?

उत्तर : काका, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. घर होतं तिथेच आहे, रस्ता वर गेलाय. मी या शहरात तीस वर्षं गटारांच्या आखणीचं काम केलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. उत्तर जरा लांबेल.

शिकागो वसलं ते दलदलीवर. मिशिगन सरोवराच्या पाण्यापेक्षा जमीन जेमतेम काही फूट उंच, आणि तीही ताटासारखी सपाट. गटाराला उतार लागतो. इथे खणायला गेलं की लगेच पाणी लागायचं, मग उतार देणार कुठून? नगरपरिषदेनं आधी स्वस्तातला उपाय केला. १८४९ च्या सुमारास रस्त्यांवर लाकडी फळ्या टाकल्या. त्या थोड्याच वर्षांत कुजल्या आणि फळ्यांखाली घाण साचून राहिली. घरोघरच्या विहिरी आणि संडासाचे खड्डे शेजारी शेजारी. कॉलरा १८४९ मध्ये आला तो जाईचना, आणि १८५४ या एका वर्षात त्यानं चौदाशेच्या वर माणसं नेली. तेव्हा गावाची वस्ती साठ-पासष्ट हजारांची होती. म्हणजे ओळखीतलं कोणी गेलं नाही असं घर सापडणं कठीण.

त्यानंतर मात्र हालचाल झाली. १८५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा करून शिकागोसाठी गटार आयुक्तांचं मंडळ नेमलं आणि मंडळानं बोस्टनचे शहर अभियंता एलिस चेसब्रो यांना बोलावून घेतलं. चेसब्रोंची योजना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले होते. जमिनीखाली उतार मिळत नाही ना? मग गटार जमिनीवरच बांधायचं आणि जमीन वर आणायची! रस्त्याच्या मधोमध विटांचं गोल गटार बांधलं, नदीकडे जाईल असा त्याला उतार दिला आणि दोन्ही बाजूंनी, वरून भराव टाकून ते पुरून टाकलं. भरावाला माती हवी होती. नदी खोल करताना निघालेला गाळही त्यासाठी वापरला.

नगरपरिषदेनं ठराव करून रस्त्यांची नवी पातळी ठरवून दिली. रस्ते अनेक ठिकाणी चार-पाच फुटांनी वर गेले, काही ठिकाणी त्याहून जास्त. आणि रस्त्याकडेची घरं, दुकानं, हॉटेलं सगळी खड्ड्यात.

मध्यवस्तीत पैसा होता. तिथल्या लोकांनी इमारती उचलल्या. १८५८ च्या जानेवारीत रँडॉल्फ आणि डिअरबॉर्न रस्त्यांच्या कोपऱ्यावरची चार मजली विटांची इमारत दोनशे स्क्रू-जॅक लावून सहा फूट दोन इंच वर घेतली. विटांची इमारत उचलण्याची शिकागोतली ती पहिलीच वेळ. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, लेक रस्त्यावरची ३२० फूट लांबीची दुकानांची अखंड रांग सहा हजार जॅकवर चार फूट आठ इंच उचलली, पाच दिवसांत. खाली माणसं ओळीनं उभी, प्रत्येकाकडे काही जॅक सोपवलेले. खूण झाली की सगळ्यांनी एकाच वेळी आपापला स्क्रू थोडासा फिरवायचा. एकानं जास्त फिरवला तर भिंतीला तडा. वर दुकानं उघडी होती, गिऱ्हाईक येत-जात होतं. पुढे झोपण्याच्या रेल्वे डब्यांमुळे नाव झालेले जॉर्ज पुलमन आधी याच धंद्यात होते. न्यूयॉर्क राज्यात ईरी कालवा रुंद होताना काठावरची घरं सरकवायचं काम त्यांच्या वडिलांनी केलं होतं, तिथे ते हे शिकले.

हे सगळं शिकागोच्या कौतुकात नेहमी सांगितलं जातं, आणि ते कौतुक खरंच आहे. पण काका, तुम्ही पाहिलेलं घर त्या कौतुकात बसत नाही, म्हणून मला तुमचा प्रश्न फार मोलाचा वाटला.

खर्च कोणी केला ते पाहा. गटारांसाठी शहरानं रोखे काढले, म्हणजे कर्ज सगळ्या गावाचं. रस्त्याचा भराव आणि फरसबंदी यांचा खर्च मात्र त्या रस्त्याला लागून ज्यांची जागा आहे त्यांच्यावर बसवत. याला तिकडे विशेष आकारणी म्हणत. काम व्हायचं तर आधी रस्त्यावरच्या मालकांचा अर्ज परिषदेकडे जायचा. आकारणीची यादी तयार व्हायची, नोटीस निघायची, हरकती ऐकल्या जायच्या आणि मग परिषद यादीवर शिक्कामोर्तब करायची. ज्याच्या जागेची रस्त्याकडेची बाजू लांब, त्याचा वाटा मोठा. पुढे १८६० च्या दशकात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसती फुटांवर वाटणी चालणार नाही, कोणाला खरोखर किती फायदा झाला ते बघा.

आणि घर? घर उचलायचं ते मालकानं, स्वतःच्या खिशातून. परिषदेनं पातळी ठरवली, रस्ता वर नेला आणि तिचं काम संपलं. ज्याला जॅकवाला परवडला त्यानं घर उचललं. ज्याला नाही परवडला त्यानं वरच्या मजल्याच्या खिडकीचं दार केलं, पूल टाकला आणि खालचा मजला अंधारात गेला. फुटपाथचंही तसंच. प्रत्येकानं आपल्या दारापुढचा लाकडी फुटपाथ आपल्या सवडीनं वर घेतला. त्यामुळे कितीतरी वर्षं माणसं एका दुकानासमोर चार पायऱ्या चढत आणि पुढच्या दुकानासमोर चार उतरत.

पिल्सन ही कामगारांची वस्ती. बोहेमियातून आलेल्या चेक कुटुंबांनी १८७० च्या दशकात ती वसवली, प्ल्झेन शहरावरून नाव पडलं. मध्यवस्तीतले रस्ते तोवर कधीच वर गेले होते. इथले त्यानंतरच्या दशकांत गेले, तेव्हा घरं उभी होती आणि घरांवर कर्ज होतं. निवृत्त झाल्यावर मी एकदा टेप घेऊन अठराव्या रस्त्याच्या आसपास गेले होते. एका घराच्या आजींनी मला खाली उतरू दिलं. फुटपाथच्या कडेपासून अंगणाच्या फरशीपर्यंत पाच फूट एक इंच भरलं. खाली उभं राहिलं की रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. फुटपाथच्या बाजूला दगडी भिंत, तिच्यात एक लाकडी दार, आणि दार उघडलं तर आत फुटपाथखालीच पोकळी. पूर्वी तिथे कोळसा ठेवत. आजी त्यात बागेची खोरी ठेवतात. खालच्या खोलीची मूळ चौकट अजून जागेवर आहे, चांगली रुंद, नक्षी काढलेली. घराचं पुढचं दार एके काळी तेच होतं हे बघताच कळतं. ज्यानं हौसेनं ती नक्षी काढून घेतली त्याच्या घराचं तोंड सरकारी ठरावानं जमिनीखाली गेलं. मी त्या चौकटीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

भरपाई मिळायची का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. सुरुवातीला नाही. जागा ताब्यात घेतली तर पैसे, नुसतं नुकसान झालं तर काही नाही, असा कायदा होता. रस्ता शहराचा, तो वर नेला, तुमची वीतभरही जमीन घेतली नाही, मग पैसे कसले? हे बदललं १८७० मध्ये. त्या वर्षीच्या इलिनॉय राज्यघटनेत लिहिलं गेलं, की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतली किंवा तिचं नुकसान केलं, तरी न्याय्य भरपाई दिली पाहिजे. ‘किंवा तिचं नुकसान केलं’ हे शब्द घटनेत घालणारं इलिनॉय हे पहिलं राज्य. नंतर कितीतरी राज्यांनी ते उचलले. माझ्या मते शिकागोनं इमारती उचलल्या त्यापेक्षा हे काम मोठं आहे, आणि त्याची पाटी कुठेच नाही.

तुम्ही इथे आहात तोवर एक करा. १८७१ च्या आगीत नगरपरिषदेचे कागद जळाले असं बरीच वर्षं समजत होते. पण १८३३ पासूनचे हजारो कागद वाचले आणि १९८० च्या दशकात पुन्हा उजेडात आले. इलिनॉय राज्य अभिलेखागाराच्या इथल्या शाखेत ते ठेवले आहेत. फुटपाथ हवा म्हणून केलेले अर्ज आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्यांनी नको म्हणून केलेले अर्ज, दोन्ही वाचायला मिळतात. जावयांनाही घेऊन जा.

प्रश्न : मिशिगन अव्हेन्यूवरचा पाण्याचा मनोरा पाहिला. किल्ल्यासारखा दिसतो, पण टाकी कुठे दिसली नाही. पूर्वी नळातून मासे यायचे असंही गाईडनं सांगितलं. थाप होती का?

उत्तर : थाप नाही. शहरानं स्वतःची पाणीयोजना १८५४ मध्ये सुरू केली तेव्हा पाणी उचलायचा पाइप किनाऱ्यापासून सहाशे फुटांवर होता. त्यातून लहान मासे येत, जिवंत आणि कधी शिजलेलेही, कारण काही घरांत गरम पाण्याचे नळ होते. पण मासे हे सर्वांत कमी वाईट. वरच्या उत्तरातली गटारं आठवा. ती नदीत जात, नदी सरोवरात, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. चेसब्रोंना हा धोका माहीत होता. सुरुवातीच्या अहवालातच त्यांनी मैला कालव्यातून उलट दिशेला, इलिनॉय नदीकडे सोडण्याचा पर्याय तपासला होता. तेव्हा तो खर्चाला झेपला नाही.

म्हणून मग पाणी उचलायची जागाच दूर नेली. १८६४ मध्ये सरोवराच्या तळाखालच्या चिकणमातीतून दोन मैल लांब बोगदा खणायला घेतला, आतून पाच फूट व्यासाचा, विटांचं अस्तर दिलेला. पलीकडच्या टोकासाठी पाच बाजूंचा प्रचंड लाकडी सांगाडा किनाऱ्यावर बांधला, तरंगत नेला आणि दगड भरून तळाशी बसवला. दोन्ही टोकांकडून खणणारी माणसं १८६६ च्या अखेरीस मधे भेटली आणि पुढच्या वर्षी गावाला स्वच्छ पाणी मिळालं. सरोवराखाली दोन मैल विटा लावत जाणाऱ्या त्या गवंड्यांची नावं आपल्याला माहीत असायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

तुम्हाला टाकी दिसली नाही, कारण मनोऱ्यात टाकी नव्हतीच. आत एक उंच उभा पाइप होता. वाफेचा पंप धक्क्याधक्क्यानं पाणी ढकलतो. ते धक्के थेट नळांत गेले तर सांधे सुटतात. या उभ्या पाइपात पाणी वर-खाली होऊन धक्का जिरायचा. मनोरा १८६९ मध्ये पुरा झाला आणि दोनच वर्षांत आलेल्या आगीतून वाचला. नदीचा प्रवाह कायमचा उलटा फिरला तो जानेवारी १९०० मध्ये, नवा कालवा उघडल्यावर. चेसब्रो तोवर हयात नव्हते.

प्रश्न : माझी नात आयोवातल्या तिच्या गावाचा इतिहास शाळेसाठी लिहिते आहे. १८८० च्या दशकातल्या परिषदेच्या इतिवृत्तात ‘चांदण्या रात्री दिवे लावू नयेत’ असं आहे म्हणे. हे काही धार्मिक होतं का?

उत्तर : धार्मिक नाही, पैशाचं होतं. रस्त्यावरचा दिवा वर्षभर रोज रात्रभर जाळायचा तर साधारण चार हजार तास होतात, आणि लहान गावाच्या तिजोरीला ते जड जायचं. म्हणून अनेक गावं दिव्यांच्या कंपनीशी चांदण्याच्या वेळापत्रकावर करार करत. चंद्र वर असेल तेवढा वेळ दिवे बंद, पैसे कापायचे. आधी गॅसचे दिवे होते तेव्हाही आणि नंतर विजेचे आले तेव्हाही. अडचण अशी, की वेळापत्रक छापील पंचांगावरून ठरायचं. पंचांगात पौर्णिमा आणि आकाशात काळेभोर ढग, तरी कराराप्रमाणे दिवे बंदच. अशा रात्री चिखलाच्या रस्त्यावरून, उखडलेल्या फळ्यांच्या फुटपाथवरून कंदील घेऊन चालावं लागे.

नातीला सांगा, इतिवृत्तात दिव्यांचं बिल मंजूर केल्याची नोंद असेल आणि गावाच्या जुन्या वर्तमानपत्रात अंधाराच्या तक्रारी असतील. दोन्हींच्या तारखा काढायच्या आणि त्या वर्षीच्या पौर्णिमा-अमावास्यांशेजारी मांडायच्या. त्या वेळापत्रकानं गावाचा किती पैसा वाचवला आणि किती रात्री गाव अंधारात राहिलं, हे तिला एकाच कागदावर दिसेल.