पहिली दुर्बीण झूमची घ्यावी की ८×४२?

तुम्ही विचारलंय की नेरूळला राहता, रोहित (फ्लेमिंगो) आणि चिखलातले पक्षी पाहायचेत, पहिलीच दुर्बीण आहे. मग त्याच किमतीत १०-३०×५० झूम (१० ते ३० पट कमी-जास्त करता येणारी) मिळत असताना ८×४२ का घ्यायची?

८×४२च घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ८×४२मध्ये ती पाच मिलिमीटरच्या वर. झूम ३०वर नेलात तर पावणेदोनच्याही आत. भर उन्हात चालून जातं, पण पक्षी बघायची वेळ पहाटेची नि संध्याकाळची. तेव्हा चित्र काळवंडतं. शिवाय हाताची थरथरही ३० पट होते. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलात तर ३० पटीवर पक्षी सापडणारच नाही.

झूमची खरी अडचण मात्र आतली आहे. दोन्ही नळ्यांतली भिंगं एकाच वेळी, अगदी सारखी सरकावी लागतात. स्वस्त झूममध्ये त्यात किंचित फरक पडतो, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि थोड्या वेळात कपाळ ठणकायला लागतं. दृश्याचा आवाकाही तोकडा. चांगल्या ८×४२मधून हजार मीटरवर ११० ते १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, झूममधून १० पटीवरसुद्धा बहुधा सत्तरच्या आत. उडता थवा पकडायचा तर हा फरक फार मोठा आहे.

आणि पट वाढवण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, हे मी मनापासून सांगते. ओहोटीला रोहित खाडीभर पांगतात, लांब जातात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीत आणि डीपीएस शाळेजवळच्या तलावात येऊन थांबतात, काठापासून बरेच जवळ. तिथे ८ पटीत चोचसुद्धा नीट दिसते: लहान रोहितची गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी, मोठ्या रोहितची फिकी गुलाबी, फक्त टोक काळं. या पाणथळी टिकल्या म्हणून हे घराजवळ बघायला मिळतंय, तेव्हा काठ सोडून आत उतरू नका.

झूम वाईटच असं नाही. तिवईवरच्या स्पॉटिंग स्कोपला २०-६०चं झूम छान शोभतं. नळी एकच, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्न नाही, आणि हातही हलत नाही. छोटे तुतवार (सँडपायपर) ओळखायचा नाद लागला की तो घ्या. तरी दुपारी तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते, तेव्हा ६० पट कुणाच्याच कामाची नाही.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगात बघा. प्रकाशाची चकती गोल हवी, कडा कापलेल्या नकोत. मग बाहेर लांबची एखादी पाटी पाच मिनिटं वाचत राहा. डोळे ताणले गेले तर ती दुर्बीण परत ठेवा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. नायट्रोजन भरलेली (म्हणजे आतून बाष्प धरत नाही), पाणी न शिरणारी घ्या, आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी फार लवकर धरते.